तळमजल्याचं कलम

दयानंद जाधवांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळुरात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही, अशी त्यांच्याकडची रीत. दयानंद एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. निवृत्तीला पाच-सहा वर्षं झाली होती. कोरमंगलातल्या आडरस्त्यावर त्यांचं तीन मजली घर होतं. तळमजल्यावर ते आणि बायको धनलक्ष्मी राहत, वरचे दोन मजले भाड्यानं दिलेले. गल्लीत त्यांना शब्दाचा माणूस म्हणून मान होता, आणि म्हणूनच घरमालक संघाचं चिटणीसपद त्यांच्याकडे चालून आलं होतं.

पहिल्या मजल्यावर शिवलीला आणि तिचे वडील आप्पाजी राहायचे. मूळ निपाणीचे. शिवलीला पस्तिशीची, लग्न मोडलेलं, सरकारी नोकरीत कायद्याच्या बाजूला काहीतरी होती. काय, ते दयानंदांनी कधी खोलात विचारलं नव्हतं. आप्पाजी निवृत्त शाळामास्तर. रोज सकाळी ते खाली यायचे, फाटकाशेजारच्या कट्ट्यावर दयानंदांच्या बाजूला बसायचे, आणि दोघं एकच वर्तमानपत्र पानं वाटून वाचायचे. शिवलीला तिकडच्या बायका बोलतात तशी "मी येतो अक्का, मी जातो अक्का" असं बोलायची. धनलक्ष्मीला त्याची सुरुवातीला गंमत वाटे, पुढं पुढं त्या दोन शब्दांची वाट पाहायची सवय लागली.

एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर चहा पिता पिता दयानंदांनी शिवलीलाला आपल्या आईची गोष्ट सांगितली. ती गोष्ट ते सहसा कुणाला सांगत नसत. पूर्वी तळमजला त्यांनी एका शिकवणीवाल्याला भाड्यानं दिला होता. मग आईचे गुडघे गेले, पाठोपाठ एका बाजूवरून वारा गेला, आणि तिला जिना बंद झाला. खालची जागा द्या, हवं तर वरचा मजला त्याच भाड्यात घ्या, म्हणून दयानंदांनी त्या माणसाच्या विनवण्या केल्या. तो हलला नाही. कोर्टात गेले, तर तारखांवर तारखा. आई दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून राहिली. भाजीची गाडी आली की दोरीनं टोपली खाली सोडायची, पण वांगी हातानं चाचपून घेता येत नाहीत म्हणून चिडायची. निकाल लागून तळमजला मोकळा झाला, तेव्हा आईला जाऊन वर्ष उलटलं होतं.

शिवलीलानं सगळं ऐकून घेतलं. हळहळ वगैरे काही बोलली नाही. फक्त विचारलं, की तो शिकवणीवाला दुसऱ्या मजल्यावर जायला का तयार नव्हता. दयानंदांना तो प्रश्न जरा विचित्र वाटला. ते म्हणाले, त्याच्याकडे लहान मुलं यायची, पालकांना जिना नको असेल. ती "हं" म्हणाली आणि कप उचलून खाली गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी शहरातल्या भाड्याच्या घरांसाठी नवे नियम येणार अशी बातमी आली, आणि पाठोपाठ मसुदाही जाहीर झाला. अॅडव्हान्स, म्हणजे अनामत, किती घ्यायचा याला मर्यादा. मालकानं भाडेकरूच्या घरात शिरण्याआधी एक दिवस कळवायचं. घर रिकामं करवून घेण्यासाठी पाणी किंवा वीज तोडली तर दंड. भाडेकरू एकटी बाई आहे, किंवा काय खाते, एवढ्यावरून घर नाकारायचं नाही. मालकांमध्ये आगडोंब उसळला. संघाची बैठक बोलावली गेली आणि तीत अध्यक्ष रत्नाकर उभे राहिले. रत्नाकरांच्या चार पीजी इमारती होत्या आणि आवाज त्या चारींना पुरेल एवढा होता. घर आमचं, कर्ज आमचं, आणि आत जायला परवानगी भाडेकरूची, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. टाळ्या पडल्या. दयानंदांनीही वाजवल्या.

मग रत्नाकर त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले की हा मसुदा ज्या बाईनं लिहिला आहे, ती आपल्या चिटणीसांच्याच माडीवर राहते.

सगळी सभा दयानंदांकडे बघत होती. कुणी हसलं, कुणी म्हणालं, जाधव, घरातच वकील ठेवलाय होय. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मला ठाऊक नव्हतं, आणि ते खरं असूनही खोट्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहिले. शिवलीला बसमधून उतरून चालत आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "मसुदा तुम्ही लिहिला?"

आजवर ते तिला अगं-तुगं करत आले होते. तो 'तुम्ही' तिनं ऐकला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "एकटीनं नाही अण्णा. पण शब्द बरेचसे माझे आहेत."

"आणि मी संघाचा चिटणीस, हे ठाऊक असून मला एका शब्दानं सांगितलं नाही."

"ऑफिसात सांगितलं. काम हातात आलं त्याच दिवशी साहेबांना लिहून दिलं, माझे घरमालक संघावर आहेत म्हणून. तुम्हाला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी विचारलं असतं, आणि मला नाही म्हणावं लागलं असतं."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, पण दयानंदांना ते लागलं. इतक्या वर्षांचा शेजार, एका ताटातल्यासारखं खाणंपिणं, आणि ही पोरगी आपल्याला परक्यात धरते, असं त्यांच्या मनानं घेतलं. आठवड्याभरात रत्नाकर दोनदा घरी येऊन गेले. चिटणीसाच्या घरातच असली भाडेकरू असेल तर संघावर विश्वास कोण ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. दयानंदांच्या रागाला आयतं कारण मिळालं. त्यांनी शिवलीलाला करारात लिहिल्याप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस दिली. कारण विचारलं असतं तर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही. "सरी अण्णा," एवढं म्हणाली. बेंगळुरात आल्यावर उचललेला तो 'बरं' अशा अर्थाचा कन्नड शब्द तिच्या तोंडी पहिल्यांदाच त्यांना रुक्ष वाटला.

धनलक्ष्मीनं भांडण केलं नाही. नवऱ्याला जेवायला वाढताना ती जे चार शब्द बोलायची ते बंद केले. आप्पाजी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे खाली आले, कट्ट्यावर बसले आणि खेळाचं पान मागितलं. दयानंद चपापले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी म्हटलं, मास्तर, मनात ठेवू नका. आप्पाजी पानावरून नजर न काढता म्हणाले की घर तुमचं आहे, तुम्ही मागितलंत, त्यात मनात काय ठेवायचं, वर्तमानपत्र मात्र मी सोडणार नाही. आणि तसे ते रोज येत राहिले. दयानंदांना मात्र त्या कट्ट्यावर बसणं जड जाऊ लागलं.

शिवलीलाचं घर शोधणं सुरू झालं. आधी कोरमंगलात, मग एचएसआर लेआउटमध्ये. रविवारी सकाळी ती निघायची ती दुपार कलल्यावरच यायची. धनलक्ष्मीला ती जे सांगे ते भिंतीआडून दयानंदांच्या कानावर पडे. एका ठिकाणी नवरा कुठं आहे विचारलं. एका ठिकाणी सगळं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांना हवं म्हणून फोन आला. तिसऱ्या ठिकाणच्या मालकानं सरळच सांगितलं, की मॅडम, तुम्ही नियम लिहिणाऱ्या, तुम्हाला घर देऊन मी माझ्या हातानं पायावर धोंडा का पाडून घेऊ. हे सांगताना शिवलीला हसली होती. धनलक्ष्मी हसली नाही.

दोन दिवसांनी दयानंदांना त्याचं मूळ सापडलं. मालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रत्नाकरांनी तिचं नाव टाकून सूचना दिली होती, की या बाईला आपल्यापैकी कुणीही घर देऊ नये. खाली संमतीच्या अंगठ्यांची रांग लागली होती. दयानंदांनी ते दोनदा वाचलं. एकट्या बाईला घर नाकारतात म्हणून नियम करावा लागतो, असं ती बाई म्हणते, आणि आपला संघ तिचं म्हणणं तिच्याच अंगावर खरं करून दाखवतो आहे. हे त्यांना दिसलं, पण ते लिहिण्याचा धीर झाला नाही. मोबाइल उलटा ठेवून ते बसून राहिले.

मग जनसुनावणीचा दिवस आला. सरकारी सभागृह गच्च भरलं होतं. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला भाडेकरूंच्या संघटना, पीजीत राहणारी तरुण मुलं, इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला जाणारे, दोन-चार वयस्क जोडपी. व्यासपीठावर तीन वरिष्ठ अधिकारी, आणि त्यांच्या कडेला कागद घेऊन शिवलीला. वरिष्ठांनी प्रास्ताविक केलं आणि उत्तरं द्यायचं काम तिच्यावर सोपवलं.

सुरुवात रत्नाकरांनी केली. मालकांना चोर ठरवणारा मसुदा आहे, असं ते म्हणाले. शिवलीलानं कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, एकेका कलमाचं कारण सांगितलं. आवाज चढला नाही. मालकानं आधी कळवून जावं हा नियम आगीला, पाणी फुटल्याला, गॅसच्या वासाला लागू नाही, हे मसुद्यात लिहिलंच आहे, ते तिनं वाचून दाखवलं. रत्नाकरांनी ते वाचलेलं नव्हतं हे सगळ्यांना कळलं, पण ती त्यावर थांबली नाही, पुढं गेली. त्यांना खाली पाहायला लावायची संधी तिनं घेतली नाही, हे दयानंदांच्या ध्यानात आलं.

खरी ठिणगी पडली ती दुसऱ्या बाजूनं. भाडेकरूंच्या संघटनेतली रक्षिता नावाची एक तरुण मुलगी उभी राहिली. मसुद्यातलं एक कलम तिला मुळीच मान्य नव्हतं. मालकाच्या घरातलं माणूस आजारी किंवा वृद्ध असेल आणि त्याला जिना चढता येत नसेल, तर तळमजल्याच्या भाडेकरूनं ठरावीक मुदतीत ती जागा सोडावी, मालकानं त्याला त्याच भाड्यात दुसरी सारखी जागा द्यावी, आणि वाद झाला तर तीन महिन्यांच्या आत निकाल लागावा, असं ते कलम. रक्षिता म्हणाली की ही पळवाट आहे. उद्या प्रत्येक मालकाला एक आजारी आई फुटेल. भाडेकरूंच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला. वरिष्ठांपैकी एकानं शिवलीलाच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटलं. ते कलम सोडून द्या, असं असावं. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि माइक जवळ घेतला.

"पळवाट होऊ शकते, हे खरं आहे," ती म्हणाली. "म्हणून खाली लिहिलंय की जागा रिकामी करून दुसऱ्याला दिली, तर पहिल्या भाडेकरूला ती परत मिळेल आणि मालकाला दंड होईल. ते कमी वाटत असेल तर आणखी कडक करू. पण कलम मी काढा म्हणणार नाही."

रक्षितानं विचारलं, का.

"एका घरात एक म्हातारी बाई वरच्या मजल्यावर अडकून पडली. तळमजला त्यांचाच होता. मुलानं हात जोडले, कोर्टात गेला. निकाल आला तेव्हा ती बाई नव्हती. नाव सांगत नाही, ते मला घरगुती बोलण्यात कळलंय. भाडेकरूला बेघर करायचं नाही, म्हणून आपण हे सगळं लिहितोय. मग आपल्या नियमामुळं कुणाची आई घरातल्या घरात कोंडली जात असेल, तर तेही आपल्यालाच बघायला पाहिजे."

दयानंद पाचव्या रांगेत बसले होते. शेजारी रत्नाकर होते. आईची टोपली, तिची ती चिडचिड, हे सगळं इतक्या लोकांत असं उभं राहील आणि तरी तिची अब्रू जाणार नाही, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ज्या बाईला त्यांनी घराबाहेर काढलं होतं, ती आपल्याच बाजूच्या लोकांचा रोष अंगावर घेऊन त्यांच्या आईसाठी उभी होती. आणि तिनं त्यांच्या दिशेनं एकदाही पाहिलं नव्हतं.

रक्षिताचं समाधान झालं नव्हतं. ती जरा कडवटपणे म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही स्वतः कधी भाड्याच्या घरात राहिलात?"

"शिकायला आले तेव्हापासून भाड्यानंच राहते," शिवलीला म्हणाली. "सध्या नोटिशीवर आहे. घर शोधतेय, मिळत नाही."

हशा पिकला, मग हळूहळू विरला. रक्षितानं विचारलं की मालकांनी का काढलं.

"त्यांनी करारात होतं तशी, पूर्ण मुदतीची नोटीस दिली. त्या घरात मला कधी त्रास झाला नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही." एवढं बोलून तिनं पुढचा प्रश्न घेतला.

सुनावणी संपल्यावर दयानंद मागच्या दारानं बाहेर आले. शिवलीला कागदांच्या पिशव्या सांभाळत बसथांब्याकडे निघाली होती. त्यांनी तिला गाठलं आणि स्कूटरवर बस म्हटलं. ती नको म्हणाली. मग ते तिथंच, ये-जा करणाऱ्या माणसांत उभे राहून म्हणाले की नोटीस मी मागं घेतो, झालं ते विसर, घर तुझंच आहे. 'तुझंच' हा शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

शिवलीलानं पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "अण्णा, तुम्ही नोटीस दिली नसती तर महिन्याभरात मीच देणार होतो. तुम्ही स्वल्प लवकर दिलीत, एवढंच."

दयानंदांना कळेना.

"ते तळमजल्याचं कलम उद्या मंजूर झालं आणि मी तुमच्या माडीवर असलो, तर लोक काय म्हणतील? मालकानं भाडं सोडलं आणि कलम लिहून घेतलं. कलम चांगलं असून वाया जाईल. नियम छापून होईपर्यंत मी तुमच्या घरात राहू नये, हेच बरोबर आहे. तुम्हीही कुणाकडे माझ्यासाठी शब्द टाकू नका."

"मग तेव्हाच सांगायचंस की. मी इतके दिवस..."

"सांगितलं असतं तर तुमचा राग उतरला असता," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळं हसली. "सुनावणीत तुम्ही खरोखर काय बोलाल ते मला ऐकायचं होतं. तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

बस आली. ती चढून गेली. दयानंद स्कूटरपाशी येऊन बराच वेळ किल्ली हातात घेऊन उभे राहिले. घरी गेल्यावर त्यांनी सगळं धनलक्ष्मीला सांगितलं. तिनं ऐकलं, आणि वाढताना ती पहिल्यासारखे चार शब्द बोलली. मग त्यांनी मोबाइल काढून त्या ग्रुपवर लिहिलं, की एका बाईला घर देऊ नका असं सांगणं संघाला शोभत नाही, ही सूचना मागं घेतली नाही तर चिटणीस दुसरा शोधा. सूचना मागं घेतली गेली नाही. दयानंदांनी पद सोडलं. मात्र दोन दिवसांत अंगठ्यांपैकी बरेचसे गुपचूप नाहीसे झाले, आणि तीन-चार मालकांनी त्यांना रस्त्यात थांबवून सांगितलं की त्या बाई बोलल्या ते पटलं, ग्रुपवर कसं लिहायचं.

शिवलीलाला शेवटी घर मिळालं ते थेट इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे, ऑफिसला जायला दोन बस बदलाव्या लागतील इतकं लांब. सामान हलवायच्या दिवशी धनलक्ष्मीनं तिची सगळी भांडी स्वतःच्या हातानं कागदात गुंडाळली. दयानंदांनी अॅडव्हान्स आदल्या दिवशीच जसाच्या तसा तिच्या खात्यावर पाठवला होता. रंगरंगोटीच्या नावाखाली त्यातून काही कापायचं असतं, ही गल्लीतली रीत त्यांनी पाळली नाही. टेम्पो निघताना आप्पाजींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, तिकडं मला पूर्ण वर्तमानपत्र एकट्याला वाचावं लागणार.

पुढं पावसाळा सरता सरता नियम लागू झाले. अॅडव्हान्सची मर्यादा मालकांच्या आरडाओरड्यामुळे थोडी सैल झाली होती, दंड मात्र तसेच राहिले. तळमजल्याचं कलम राहिलं, आणखी कडक होऊन. त्यातच एक नवी सोय होती. वाद कोर्टात जाण्याआधी वॉर्डातला एक मालक आणि एक भाडेकरू अशा दोघांनी मिळून तो ऐकायचा. मालकांच्या बाजूनं रत्नाकर इच्छुक होते. पण लोकांनी दयानंदांचं नाव सुचवलं, आणि त्यांनी ते काम घेतलं. भाडेकरूंच्या बाजूनं शेषगिरी नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर आले. दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

एका रविवारी दयानंद आणि धनलक्ष्मी उन्नत मार्गावरून बसनं इलेक्ट्रॉनिक सिटी गाठून शिवलीलाच्या घरी जेवायला गेले. घर लहान होतं, पण उजेड भरपूर. आप्पाजींनी एकाऐवजी दोन वर्तमानपत्रं आणून ठेवली होती. जेवताना दयानंदांना राहवेना. आपल्यासमोर आलेलं पहिलंच प्रकरण त्याच कलमाखालचं होतं, हे तिला कधी सांगतो असं त्यांना झालं होतं.

एका मालकाचे वडील ऐंशीच्या घरातले, तिसऱ्या मजल्यावर. त्यांना तळमजला हवा. सगळं खरं, डॉक्टरचे कागद खरे. नियम स्पष्ट होता. पण तळमजल्यावर भागुबाई नावाची भाडेकरू, शिवणकाम करणारी, आणि तिचेही दोन्ही गुडघे गेलेले. मालक तिला दुसरा मजला द्यायला तयार होता, त्याच भाड्यात, त्याहून मोठा. भागुबाई म्हणाली, जागा मोठी आहे साहेब, पण मी तिथं चढणार कशी. शेषगिरी आणि दयानंद कलम पुन्हा पुन्हा वाचत राहिले. कलमात मालकाचं म्हातारपण होतं, भाडेकरूचं नव्हतं.

"मग?" शिवलीलानं घास हातातच धरला होता.

मग ते दोघं घर बघायला गेले, असं दयानंद सांगू लागले. तळमजल्यावरच, मालकाच्या मोटारीच्या मागं, एक खोली होती. कधीकाळी पहारेकऱ्यासाठी बांधलेली, न्हाणीघर जोडलेलं. तिच्यात मोडकं फर्निचर भरलं होतं, आणि दार उघडता येऊ नये अशा बेतानं मोटार लावलेली. दयानंदांनी मालकाला एवढंच विचारलं की तुमची गाडी खाली झोपते आणि वडील वर, असं किती दिवस. त्याचा चेहरा पडला. पंधरवड्यात ती खोली झाडून, रंगवून, खिडकी मोठी करून म्हाताऱ्याला दिली. मोटार आता रस्त्यावर. भागुबाई आहे तिथंच आहे, आणि म्हातारा दुपारभर तिच्या शिलाई यंत्राशेजारी बसून तिला कापडाच्या किमती विचारत असतो.

आप्पाजी खूश होऊन हसले. धनलक्ष्मीनं ही गोष्ट चौथ्यांदा ऐकली तरी ती हसली. दयानंदांनी शिवलीलाकडे पाहिलं. तिनं शाबासकी द्यावी अशी त्यांची अपेक्षा होती. ती मात्र हसत नव्हती.

"हे माझ्या हातून सुटलं," ती म्हणाली. "मला सारखी तुमची आई दिसत होती अण्णा. भाडेकरूचीही आई असते, हे मी लिहायला विसरलो."

"अगं, पण निभावलं ना."

"तुम्ही निभावलं. तुम्ही दोघं तिथं जाऊन बघणारे म्हणून निभावलं. दुसऱ्या वॉर्डात कुणी नुसतं कलम वाचून त्या बाईला वर चढवलं असतं." ती उठली, हात धुतला, आणि पदराला पुसत परत आली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. चुकीची जागा सापडल्यावर कारखान्यात एखादा चांगला कारागीर जसा मोजमापाकडे बघतो, तशी ती दयानंदांकडे बघत होती. आयुष्यभर त्यांनी असली माणसं हाताखाली मिळावीत म्हणून देवाला हात जोडले होते. तशी एखादीच भेटते, आणि आपल्या माडीवर भेटली होती.

"दुरुस्ती सुचवता येईल," ती म्हणाली. "दर वर्षी नियम तपासायचे, असं आम्ही लिहिलंय. पण मला सगळं नीट पाहिजे. खोली केवढी, दार कुठल्या बाजूला, त्या बाई काय म्हणाल्या, त्यांच्याच शब्दांत." तिनं खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली.

दयानंदांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "तर त्या मालकाचं नाव यल्लाप्पा. त्याचे वडील..."

"थांबा अण्णा," शिवलीला म्हणाली. "आधी भागुबाईंचं सांगा. मालकाचं मग."

दयानंद थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून, भागुबाईपासून सांगू लागले.